विम्याची नाळ

धाकट्या चुलतभावाने नाशिकहून कळवलं, "दादा, नाळेतलं रक्त साठवायचं ठरवलंय. कॉलेज रोडला कंपनीवाल्यांचा कार्यक्रम झाला. बाळाचा आयुष्यभराचा विमा!" त्याच्या बायकोला सातवा महिना. मी उत्तर दिलं, पैसे भरू नकोस. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर मी खलनायक. काका म्हणतात, जास्त शिकलं की माणसाला दुसऱ्याचं काही पटत नाही. आत्या म्हणते, तिकडे सगळं सरकार बघतं, तुला काय कळणार.

मला काय कळणार! रॉटरडॅममध्ये अकरा वर्षं मी रक्ताच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या बाकी पेशी बनतात त्या, कशा जन्मतात तेच बघतोय, झेब्राफिश नावाच्या बोटभरही नसलेल्या माशात. नाळेतलं रक्त साठवतात ते याच पेशींसाठी. मासा मूळचा आपल्याकडचा, गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांमधला. (गंगा म्हणजे ती वरची. आपण गोदावरीला म्हणतो ती नव्हे.)

चीड आली ती 'विमा' या शब्दाची. पेशी म्हणजे लॉकरमधल्या पाटल्या नव्हेत. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा महाधमनीच्या अस्तरातल्या मोजक्या पेशी अस्तर सोडून रक्ताच्या वाटेला लागतात. त्या आपल्या मनाने लागत नाहीत. खालच्या पेशी बीएमपी-४ हे प्रथिन सोडतात. शेजारीण नॉच नावाच्या प्रथिनातून अंगाला अंग लावून निरोप देते. हा निरोप जोरात आला तर पेशी धमनीचीच राहते, हलका आला तर रक्ताची होते. म्हणजे नॉच लागतो, पण सुरुवातीला आणि बेताने. पुढे तो ओसरावाच लागतो. मग रन्क्स१ हे जनुक जागं होतं आणि पेशी अस्तरातून सुटते. त्यातही हृदय धडधडत असावं लागतं. ज्या माशाचं हृदय जन्मतःच धडकत नाही, त्याच्यात या पेशी फार कमी तयार होतात, कारण वाहत्या रक्ताचा भिंतीवरचा रेटा हाही एक निरोपच. पुढे यकृतात मुक्काम, शेवटी हाडांच्या मगजात. हे सगळं कुठल्या कार्यक्रमात दहा मिनिटांत सांगतात?

भावाचं उत्तर एका ओळीचं: "मग त्या साठवल्या तर बिघडलं काय?"

बिघडतं हे, की आपल्याच नाळेचं रक्त आपल्या आनुवंशिक आजाराला चालत नाही. थॅलेसेमियाचा दोष त्या पेशींतही असतोच. नाळेतल्या रक्ताचं पहिलं रोपण 1988 साली पॅरिसमध्ये झालं, ते फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलावर, आणि रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीचं. त्याचं स्वतःचं नव्हे. पुढेमागे स्वतःलाच लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, हे आपल्या आयसीएमआरनेच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. परदेशातल्या दादाचं नका ऐकू, दिल्लीचं तरी ऐका.

माझी मुलगी इथे झाली तेव्हा क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतिणीची घरी येऊन काळजी घेणारी, बाई आठ दिवस येत होती, आल्यागेल्याला आम्ही डच रीतीप्रमाणे बिस्किटावर मौशेस, म्हणजे साखरेत घोळलेली बडीशेप, देत होतो, रक्त साठवण्याचा विषय कुणी काढला नाही. (दाईच्या टेबलावर एक चकचकीत पत्रक होतं, ते मी धरत नाही.) हे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिलं. त्यावर काकू, ज्या एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, त्यांनी विचारलं, "आणि पोरीची नाळ कुठे पुरलीस रे?"

आई फोनवर म्हणाली होती, गळून पडली की टाकू नको, घरी आण. माझी नाळ पंचवटीतल्या जुन्या घराच्या अंगणात पारिजातकाखाली आहे. म्हणजे होती. तिथे आता सहा मजले आणि खाली पार्किंग आहे. ते घर विकलं तेव्हा सही मीही केली होती, स्कॅन करून, इथूनच.

मुलीची नाळ कुंकवाच्या करंड्यात आहे, पासपोर्टच्या खणात. दोनदा नाशिकला जाताना बॅगेत ठेवली आणि दोनदा तशीच परत आणली.

काकूंना अजून उत्तर दिलेलं नाही. भावाने काल पहिला हप्ता भरला.