‘एक रेघ मारायचे एवढे पैसे?’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना विषय कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताईंनी पीएचडीच्या प्रबंधाचं सेटिंग आमच्याकडून करून घेतलं आणि दोन स्टार दिले. त्यांच्या तक्रारी अशा: वर्डमध्ये खोडरेघ आणि अंडरलाइन एका बटणावर होते, तिचे आम्ही वेगळे पैसे लावले. पहिल्या प्रूफात खोडलेली अक्षरं भलतीच दिसत होती. ग्रंथांची नावं उगीच अंडरलाइन होऊन आली. पानं फुगवली. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की रेघा गायब होतात. आणि दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही.

शेवटची तक्रार आधी मिटवतो. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, गाडी लावायला जागा कोणालाच नाही, आम्हालाही नाही. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा, तिथून पायी येता येतं.

आता कामाचं. तुमचा प्रबंध म्हणजे एका महानुभावीय पोथीचं संपादन. पोथी लिहिणाऱ्यानं जिथे हरताळ (पिवळा रंग) लावून अक्षर झाकलं, पण खालचं अजून वाचता येतं, तो मजकूर तुम्हाला खोडरेघेत हवा होता. समासात काकपदाची (इथे मजकूर सुटला, अशी) खूण करून मागाहून भरलेला मजकूर अंडरलाइनवर, आणि जी अक्षरं पुसट आहेत ती ठिपक्यांच्या रेघेवर. म्हणजे या रेघा शोभेच्या नाहीत. परीक्षक त्या पुरावा म्हणून वाचणार. खोडलेलं अक्षर रेघेखालून वाचता आलं नाही तर ते छापायचंच कशाला?

वर्डमध्ये बटण आहे हे खरं आहे. अर्ज, शपथपत्रं, लग्नपत्रिका आम्ही रोज त्यातच करतो. पण तुमच्या गाइडना तळटीपांचे दोन थर हवे होते, पाठभेद (म्हणजे त्याच जागी दुसरीकडे सापडणारे वेगळे शब्द) वेगळे आणि अर्थाच्या टिपा वेगळ्या, म्हणून काम लाटेकमध्ये, म्हणजे कमांडी लिहून पानं जुळवायच्या प्रणालीत, करायचं ठरलं. निर्णय योग्यच होता. पाठभेदांसह संहिता छापायला टेकमध्ये (लाटेक ज्याच्यावर उभं आहे ती मूळ प्रणाली) एडमॅक नावाचं जुनं साधन आहे. ते घडवणाऱ्या दोघांपैकी डॉमिनिक वुजास्टिक हे संस्कृतचेच अभ्यासक. पण टेक जन्मलं रोमन अक्षरांसाठी, आणि रेघ मारायची वेळ आली की ते लगेच जाणवतं.

लाटेकची स्वतःची अंडरलाइन कमांड साधी आहे. दिलेला सगळा मजकूर ती एका अखंड डब्यात कोंबते आणि डब्याखाली रेघ ओढते. डबा ओळीच्या टोकाला तुटत नाही, त्यामुळे लांब वाक्य सरळ मार्जिनबाहेर जातं. दुसरं म्हणजे, रेघ किती खाली येईल हे डब्यातल्या सगळ्यात खोल अक्षरावर ठरतं. ‘जागा’ आणि ‘गुरू’ हे शब्द शेजारी ठेवून वेगवेगळे अंडरलाइन करा. पहिल्याची रेघ वर, दुसऱ्याची उकाराखाली. पानभर हेच झालं की रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वर-खाली होतात.

म्हणून बहुतेक लोक यूलेम नावाचं पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार कमांडींचा संच) घेतात. डोनाल्ड आर्सेनोचं आहे, चांगलं आहे. रेघ ओळीबरोबर तुटते, खोडरेघ मिळते, नागमोडी आणि ठिपक्यांची रेघही मिळते. तुम्ही पेनड्राइव्हवर आणलेल्या मूळ फाइलमध्ये ते आधीच होतं. तुमच्या मित्रानं घातलं होतं असं तुम्हीच सांगितलंत. ग्रंथांची नावं अंडरलाइन का झाली याचं उत्तर तिथेच आहे. हे पॅकेज नुसतं जोडलं की लाटेकमधली शब्दावर जोर दाखवायची नेहमीची कमांड, जी एरवी अक्षर तिरकं करते, ती अंडरलाइन करायला लागते. तसं होऊ नये म्हणून पॅकेज जोडताना ‘नॉर्मलेम’ हा पर्याय द्यावा लागतो. तो तुमच्या फाइलीत नव्हता. आम्ही घातला, नावं पुन्हा तिरकी झाली. याचे पैसे बिलात नाहीत, बघून घ्या.

आता उंची. यूलेम खोडरेघेची उंची रोमनमधल्या छोट्या ‘एक्स’च्या उंचीवरून मोजतं, साधारण तिच्या निम्म्यावर. इंग्रजीत ते बरोबर बसतं. आपलं अक्षर शिरोरेषेपर्यंत त्याहून उंच असतं, म्हणून रेघ अक्षराच्या पोटातून जाते. आणि पोट हीच आपली नाजूक जागा. ‘व’च्या गोलातून रेघ गेली की घाईत वाचणाऱ्याला ‘ब’ दिसतो. ‘प’मधून गेली की ‘ष’. तुम्ही ‘भलतीच अक्षरं’ म्हणालात ती हीच. पहिलं प्रूफ म्हणून जो कागद दिला त्यावर वेगवेगळ्या उंचीचे आणि जाडीचे नमुने होते, आणि वर पेनानं लिहिलं होतं की यातला कुठला चालेल त्यावर खूण करा. त्यातला पहिला नमुना मूळ उंचीचा, तुलनेसाठी. रिव्ह्यूसोबत तुम्ही फोटो लावला आहे तो नेमका त्याचाच. तुम्ही खूण ज्याच्यावर केलीत तो तिसऱ्या ओळीतला आहे: रेघ अक्षराच्या दांड्यापेक्षा बरीच बारीक, शिरोरेषेत मिसळणार नाही इतकी खाली, आणि शब्दाच्या दोन्ही टोकांना किंचित बाहेर आलेली. प्रबंधात तोच आहे.

अंडरलाइनची गोष्ट त्याहून अवघड होती. यूलेम रेघ रोमन कंसाच्या तळाच्या जराशी खाली ठेवतं. तुम्ही निवडलेला फॉन्ट शोभिका, आयआयटी मुंबईचा. त्यात जुन्या वळणाची एकाखाली एक जोडाक्षरं येतात, आणि त्यांच्याखाली उकार आला की तो चांगलाच खोल जातो. तिथे रेघ उकाराच्या बरोबर मधून. आता तुमच्या पाठभेदांची यादी उघडा. निम्मे वाद उकार ऱ्हस्व की दीर्घ याचेच आहेत! नेमका तोच भाग रेघेखाली झाकला गेला असता तर तोंडी परीक्षेत उत्तर तुम्हाला द्यावं लागलं असतं, आम्हाला नाही. म्हणून रेघ सगळीकडे उकाराच्या खाली उतरवली, आणि ती खालच्या ओळीच्या वेलांटी-मात्रांना लागू नये म्हणून ओळींमधलं अंतर वाढवलं. पानं वाढली ती यामुळे. तुम्ही लिहिलंय तसं ‘पानं फुगवली’ वगैरे काही नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण पोथी सलग लिहिलेली. शब्दांमध्ये जागा नाही, आणि तुम्हाला ती मूळ वळणानंच छापायची होती. यूलेम ओळ तोडतं ती मुख्यतः मोकळ्या जागेवर. मराठीचे शब्द तोडायचे नियम टेकमध्ये आहेत, पण यूलेमच्या रेघेखाली ते लागत नाहीत. मोकळी जागाच नसलेला दीड ओळीचा खोडलेला मजकूर तोडणार कुठे? तेव्हा सगळी फाइल लुआलाटेकवर (लाटेकचंच नवं रूप) नेली, अक्षरं जुळवायला हार्फबझ लावलं आणि रेघांसाठी मार्सेल क्रूगर यांचं लुआ-यूएल घेतलं. हे पॅकेज मजकुराचे तुकडे करत नाही. मजकूर नेहमीसारखा जुळतो, नेहमीसारखा तुटतो, आणि रेघ नंतर त्याच्यावर बसते. रेघेचा प्रकारही आपला आपण नेमता येतो, ठिपक्यांची रेघ तशीच केली. यात फाइलीतल्या जुन्या कमांडी एकेक तपासून बदलाव्या लागल्या. बिलात ‘विशेष खुणा’ म्हणून जी ओळ आहे ती या कामाची, आणि ती कोटेशनमध्येही होती. कोटेशनवर तुमची सही आहे. दर पानाचा दर सगळ्यांना लावतो तोच लावला.

पीडीएफमधून कॉपी करताना रेघ येत नाही, हे मात्र अगदी बरोबर आहे. ती येणारच नाही, कोणीही केलं तरी. छापील पानावर रेघ ही शाईची एक पट्टी, तिचा खालच्या अक्षरांशी संगणकाच्या लेखी संबंध नाही. वर्डमधून पीडीएफ काढली तरी हेच. तुमचा प्रबंध उद्या शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढेल, कोणीतरी त्यातला उतारा उचलेल आणि लेखनिकानं खोडलेले शब्द त्याच्याकडे धडधाकट मजकूर म्हणून जातील. म्हणूनच आम्ही सुरुवातीला सुचवलं होतं की नुसत्या रेघेवर विसंबू नका, सोबत कंसही द्या. शिलालेख आणि पपायरसवरचे जुने लेख छापणाऱ्यांनी 1931 साली नेदरलँड्समधल्या लायडनला खुणा ठरवल्या, त्यात मूळ लिहिणाऱ्यानं पुसलेल्या मजकुराला दुहेरी चौकोनी कंस आहे आणि शंकास्पद अक्षराखाली टिंब. कंस हे अक्षरच, ते कॉपीत सोबत जातं. तेव्हा तुम्ही म्हणालात, पान भरल्यासारखं दिसेल. तुमचा प्रबंध, तुमचा निर्णय. आम्ही गप्प बसलो.

अजूनही वेळ गेलेली नाही. फाइलीत आम्ही थेट ‘खोडरेघ’ अशी कमांड कुठेच वापरलेली नाही. ‘लेखनिकानं खोडलं’, ‘समासात भरलं’, ‘पुसट’ अशा तीन वेगळ्या कमांडी तयार करून ठेवल्या आहेत आणि त्यांचं रूप फाइलीच्या सुरुवातीला एकाच जागी ठरतं. तिथे बदल केला की सगळ्या प्रबंधात कंस येतील, रेघा ठेवायच्या तर राहतील, काढायच्या तर जातील. मूळ फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर दिलेली आहेच, घरी टेक लाइव्ह (टेकची साधनं एकत्र देणारा संच) असेल तर स्वतःही करू शकता. फक्त लुआलाटेकनंच चालवा, पीडीएफलाटेकनं चालणार नाही.

इथे करून हवं असेल तर बाइंडिंगला जायच्या आधी या. दुपारी चारनंतर दुकानात गर्दी कमी असते. कंस घालायचे पैसे लागणार नाहीत. नवीन प्रिंट काढली तर कागदाचे लागतील.