गोदाम सांभाळणारा आणि माल विकणारा

कलाकृती साठवणारे आणि विकणारे स्विस व्यावसायिक इव्ह बुव्हिए यांनी चित्रांची जादा किंमत लावून आपल्याला फसवले, असा आरोप त्यांचे ग्राहक, रशियन अब्जाधीश दिमित्री रिबोलोव्हलेव्ह यांनी केला. हा वाद मोनॅको, सिंगापूर आणि जिनिव्हा इथे जवळपास नऊ वर्षे चालला. तपास निःपक्षपातीपणे झाला नाही, असे म्हणत मोनॅकोच्या न्यायालयाने २०१९ मध्ये तिथले प्रकरण रद्द केले आणि २०२३ च्या अखेरीस दोघांनी समझोता केला. या वादात बुव्हिए दोषी ठरले नाहीत, हे आधीच नोंदवतो. तरीही त्यांचे वागणे मला पटत नाही.

बुव्हिए यांच्याकडे कलाकृतींचे पॅकिंग, वाहतूक आणि साठवण करणारी १८५९ पासूनची स्विस कंपनी होती. जिनिव्हाच्या फ्रीपोर्टमध्ये, म्हणजे करमुक्त गोदामांच्या संकुलात, तिचा मोठा पसारा होता. पुढे २०१० मध्ये सिंगापूरला आणि २०१४ मध्ये लक्झेंबर्गला त्यांनी अशीच करमुक्त गोदामे उभी केली. या कामात माणसाला काय काय दिसते, याचा विचार करा. संग्रहालयात आपण चित्राची पुढची बाजू पाहतो. पेटी उघडणाऱ्याला मागची लाकडी चौकट, तिच्यावरची जुन्या गॅलऱ्यांची लेबले आणि कस्टमचे शिक्केही दिसतात. कोणाचे चित्र घटस्फोटामुळे बाहेर निघाले, कोणते इमारतीबाहेर न जाता या खोलीतून त्या खोलीत गेले आणि मालक बदलला, हे त्याला कळते. ही माहिती विश्वासाने हाती आलेली ठेव आहे, असे मी मानतो.

बुव्हिए चित्रांचा व्यापारही करत होते. सुमारे दहा वर्षांत रिबोलोव्हलेव्ह यांना त्यांच्यामार्फत ३८ कलाकृती मिळाल्या, एकूण सुमारे २ अब्ज डॉलरच्या. लिओनार्दोचे म्हणून ओळखले जाणारे ‘साल्वाटोर मुंडी’ २०१३ मध्ये साधारण ८ कोटी डॉलरला घेऊन त्यांनी १२ कोटी ७५ लाखांना दिले. आपण स्वतंत्र विक्रेते होतो, किंमत ठरवण्याचा हक्क आपला होता, असे त्यांचे म्हणणे. ते आपले मध्यस्थ होते, असे रिबोलोव्हलेव्ह यांचे. हेच चित्र २०१७ मध्ये लिलावात ४५ कोटी डॉलरला गेले, म्हणून ग्राहकाचे नुकसान कुठे झाले, असे काही जण विचारतात. त्या एका चित्राने उरलेल्या ३७ व्यवहारांचे उत्तर मिळत नाही.

माझ्या दृष्टीने सगळा पेच बुव्हिए यांनी नफ्याशिवाय किमतीवर वेगळ्या घेतलेल्या २ टक्क्यांत आहे. व्यापारी नफा घेतो, अडत्या आडत घेतो. दोन्ही घेणाऱ्याने आपण नेमके कोण आहोत, हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी लेखी सांगायला हवे होते, विशेषतः ग्राहकाचा माल ठेवायची खोलीही त्याच्याच ताब्यात असताना.

२०१७ मध्ये त्यांनी ती कंपनी विकली, २०२२ मध्ये सिंगापूरचे गोदामही गेले. आयुष्यभर उभारलेला धंदा असा हातचा जाताना पाहून वाईट वाटते. पण कलाकृती साठवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या करारात, आपण किंवा आपले मालक या मालाची खरेदी-विक्री करतो का, हे स्पष्ट लिहिणे कायद्याने सक्तीचे करावे, ही माझी मागणी त्यामुळे सौम्य होत नाही.