मधुमेही पायाची जखम आणि लाल दिव्याचा दावा

‘लाल प्रकाशाचा दिवा रोज वीस मिनिटे लावल्यास मधुमेहाची जुनी जखमही औषध-ड्रेसिंगविना भरते; या शोधाला नोबेल मिळाले, नासाने तो सिद्ध केला, अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता दिली, दुष्परिणाम शून्य आणि जितके जास्त तितके चांगले’ अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातील प्रत्येक विधानामागे कोठेतरी एक खरी गोष्ट आहे, म्हणूनच तो निव्वळ थापेपेक्षा अधिक घातक ठरतो.

नोबेलचा मुद्दा लवकर संपतो. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिनसेन यांना १९०३ साली पारितोषिक मिळाले ते त्वचेच्या क्षयावरील उपचारासाठी, आणि त्यात वापरलेला एकवटलेला प्रकाश जांभळ्या व अतिनील किरणांनी समृद्ध होता. लाल प्रकाश त्यांनी देवीच्या रुग्णांच्या खोलीसाठी सुचवला होता खरा, पण तो याच किरणांना बाहेर ठेवण्यासाठी.

जखमेशी खरा संबंध हंगेरीतील बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांच्या कामाचा. १९६०च्या दशकात त्यांनी उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर लाल प्रकाशाचा सौम्य रुबी लेझर सोडला तेव्हा तेथे केस लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या व्रणांवरही तो वापरून पाहिला. नासाचा भाग असा की, अंतराळात रोपे वाढवण्यासाठी तयार झालेल्या एलईडी दिव्यांचा वैद्यकीय उपयोग तपासण्यास तिने निधी दिला. त्या वाटेवरचे भक्कम फलित मात्र पायाच्या जखमेचे नसून तोंडातील व्रणांचे आहे : कर्करोगाच्या काही उपचारांत तोंड सोलवटू नये म्हणून ठरावीक मात्रेत प्रकाश देण्याची शिफारस आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका करतात, आणि कर्नाटकातील मणिपाल येथील चाचणीतही त्याचा लाभ दिसला. हे यश नाकारण्याचे कारण नाही. ते टाचेच्या जखमेला जसेच्या तसे चिकटवणे चूक आहे.

मधुमेही पायाच्या व्रणांपुरते बोलायचे तर वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात आठ लहान चाचण्या आणि अवघे ३१६ रुग्ण होते. प्रकाशाने अधिक जखमा पूर्ण भरत असाव्यात असा संकेत त्यांत मिळाला, परंतु पुरावा कमकुवत असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. शिवाय प्रकाश तेथे नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून तपासला गेला होता, त्यांच्याऐवजी नव्हे. मुळात ही जखम का भरत नाही, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही. बधिर पायावर प्रत्येक पावलागणिक दाब पडत राहतो, रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने पुरवठा तोकडा असतो, आणि आत मृत ऊती व जंतू असतात. म्हणूनच पायावरचा भार काढणारे प्लास्टर किंवा पादत्राण, मृत ऊती छाटणे, रक्तप्रवाहाची तपासणी, संसर्गावर औषध आणि साखरेवर नियंत्रण यांना पर्याय नाही. तुंबलेली रक्तवाहिनी लाल दिव्याने मोकळी होत नाही. दिव्याच्या भरवशावर गेलेल्या काही आठवड्यांत संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो, आणि मग चर्चा बोट कापण्याची होते.

‘एफडीएची मान्यता’ हाही शब्दच्छल आहे. घरगुती उपकरणांना बहुधा मिळते ती आधीच बाजारात असलेल्या उपकरणाशी साधर्म्य असल्याची परवानगी, आणि तीही प्रामुख्याने तात्पुरती वेदना किंवा सुरकुत्या यांसारख्या मर्यादित हेतूंसाठी.

राहिला ‘दुष्परिणाम शून्य’ आणि ‘जितके जास्त तितके चांगले’ हा सल्ला. प्रयोगशाळेत मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवली की परिणाम घटतो, प्रसंगी उलटतोही; म्हणून तरंगलांबी (प्रकाशाची नेमकी छटा ठरवणारे माप) आणि दर चौरस सेंटीमीटरला मिळणारी ऊर्जा, म्हणजे ज्यूल, न सांगता नुसती मिनिटे सांगणे निरर्थक आहे. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. औषधांच्या दुकानात कंबर शेकण्यासाठी मिळणारा लाल बल्ब अनेक जण हाच ‘लाल प्रकाश’ समजतात. तो प्रामुख्याने उष्णता देतो, आणि ज्याच्या पायाला चटका जाणवत नाही अशा मधुमेह्याने तो जखमेजवळ धरल्यास भाजून दुसरी जखम होते.