‘मासा तो मासा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

झेब्राफिश या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या पट्टेदार माशाच्या मेंदूवरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केली आहे आणि ती तशीच राहील. आपले म्हणणे थोडक्यात असे: माशाला कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, नसल्यामुळे त्याच्या मेंदूवरून माणसाविषयी काही कळणे अशक्य आहे, जनुकांच्या साम्याचा आकडा दिशाभूल करणारा आहे, प्रयोगांच्या नावाखाली मुक्या जिवांचा छळ चालतो, आणि मी ‘प्रयोगशाळांची भाटगिरी’ करते. या शेवटच्या शब्दाबद्दल आधी बोलणे भाग आहे. लेखातला मुद्दा खोडून काढण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्या व्यक्तीला आपण ओळखत नाही तिच्या हेतूवर शिंतोडे उडवल्याने मुद्दा बळकट होत नाही, आणि ‘कळणार काय, कप्पाळ!’ असे लिहिल्याने तर मुळीच होत नाही.

शिवाय हा विषय मी केवळ पुस्तकांतून उचललेला नाही. संशोधक विद्यार्थिनी म्हणून मी कित्येक वर्षे झेब्राफिशच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी यांच्यामध्ये पडदा घालून ठेवायचा, सकाळी दिवे लागताच तो काढायचा, आणि जाळीखाली पडलेली अंडी गोळा करून त्यांतली फलित अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायची, हे मी स्वतः केलेले काम आहे. दुसऱ्या दिवशी त्याच पारदर्शक अंड्यात हृदय धडधडताना दिसते आणि शेपटी झटके देत असते. पाचव्या-सहाव्या दिवशी जेमतेम चार मिलिमीटरचे ते पिल्लू पॅरामेशियम या सूक्ष्म एकपेशीय जिवाची शिकार करू लागते. सावज दिसताच त्याचे दोन्ही डोळे आत वळतात, शेपटीचे टोक एका बाजूला हलकेच मुरडते, पिल्लू सावजाच्या रोखाने थोडे वळते, पुन्हा नेम धरते आणि मगच झेप घेते. हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘मासा तो मासा’ या तीन शब्दांत विषय संपवता येत नाही. आपण हे पाहिले आहे का, हे आपल्या प्रतिक्रियेवरून मला समजले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करते. मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये समकक्ष जनुक आहे, असे मी लिहिले होते. २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यातला हा निष्कर्ष ‘किमान एक समकक्ष जनुक’ असा आहे, कारण या मत्स्यकुळाच्या पूर्वजांत सबंध जनुकसंच एकदा दुप्पट झाला आणि त्यामुळे अनेक जनुकांच्या आज दोन-दोन प्रती आढळतात. ‘किमान एक’ हे शब्द मी आता लेखात घातले आहेत. आकडा तोच आहे, त्यामुळे ‘दिशाभूल’ हा शब्द आपण मागे घ्याल अशी अपेक्षा ठेवते.

आता मूळ वाक्याकडे वळते: ‘त्याला कॉर्टेक्सच नाही, मग त्याच्या मेंदूतून माणसाच्या मनाविषयी कळणार काय?’

माणसासारखा सहा थरांचा कॉर्टेक्स माशाला नसतो, ही माहिती माझ्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात होती. भाषा, गणित किंवा आत्मचरित्र यांचा अभ्यास झेब्राफिशवर करा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. परंतु वर्तन म्हणजे केवळ कॉर्टेक्सचे काम, ही समजूत आपण कोठून आणली? झोप, भूक, दचकणे, ताण, सावधपणा या सर्वांचा कारभार मोठ्या प्रमाणावर मेंदूच्या जुन्या भागांतून चालतो आणि ते भाग माशातही आहेत. माणसाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधील मोजक्या चेतापेशी हायपोक्रेटिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोपेचे झटके येण्याचा विकार जडतो. झेब्राफिशच्या हायपोथॅलॅमसमध्येही अशाच मूठभर पेशी हेच द्रव्य बनवतात, आणि पिल्लांत त्याचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवले तर ती अधिक काळ जागी राहतात. हा निष्कर्ष निघायला कॉर्टेक्सची गरज पडलेली नाही.

आपल्या प्रतिक्रियेत ज्याचा उल्लेखही नाही, तो लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग येथे पुन्हा सांगते. पिल्लाला अगारोजच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, मऊ थरात स्थिर ठेवतात आणि त्याच्यासमोर सरकते पट्टे दाखवतात. आपण प्रवाहाबरोबर वाहून चाललो आहोत असे वाटून ते पोहण्याचा प्रयत्न करते. शेपटीकडे जाणाऱ्या चेतांमधील विद्युतसंदेश टिपून संगणक त्याप्रमाणे पट्टे मागे सरकवतो, आणि पिल्लाला आपण पुढे गेल्याचा अनुभव मिळतो. मग संशोधक हा प्रतिसाद तोडतात. आता कितीही पोहले तरी दृश्य बदलत नाही. पिल्लू आधी जास्त जोर लावते, आणि काही वेळाने प्रयत्नच सोडून देते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले, की अपेक्षा आणि परिणाम यांतील तफावत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी हेरतात, त्या अपयशाची बेरीज चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या ग्लिया पेशींमध्ये होत जाते, आणि ती पुरेशी झाली की याच पेशी पोहणे थांबवणारी यंत्रणा जागी करतात. ग्लिया निकामी केल्या तर पिल्लू हार मानत नाही; त्यांना कृत्रिमरीत्या चेतवले तर ते विनाकारण थांबते. ज्या ग्लियांना दीर्घकाळ चेतापेशींच्या नुसत्या टेकूच्या पेशी मानले जात होते, त्या निर्णयात भाग घेतात, हे एका चार मिलिमीटरच्या जिवाने दाखवून दिले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि ग्लिया या दोन्ही गोष्टी आपल्याही मेंदूत आहेत.

हा प्रयोग माशातच का शक्य झाला, हेही लेखात होते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, तर या पिल्लाच्या मेंदूत सुमारे एक लाख, आणि त्याचा मेंदू बाहेरून आरपार दिसतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रातील संशोधकांनी प्रकाशाच्या पातळ पडद्याने हा संपूर्ण मेंदू दर १.३ सेकंदांना एकदा टिपला आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक चेतापेशींची हालचाल एकेकट्या पेशीच्या पातळीवर पाहिली. जिवंत उंदराच्या सबंध मेंदूत अशी नजर टाकता येत नाही. तेथे एका भागाची खिडकी उघडावी लागते आणि बाकीचा मेंदू अंधारात राहतो.

‘माशाला नैराश्य येते म्हणे!’ असेही आपण लिहिले आहे. मी तसे लिहिलेले नाही आणि माझ्या वाक्यांची अशी मोडतोड मला खपत नाही. मी लिहिले होते ते असे: कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची नोंद घेणारा पेशीतला ग्राही बिघडलेल्या झेब्राफिशमध्ये त्या संप्रेरकाला लगाम राहत नाही, नव्या टाकीत सोडल्यावर हे मासे इतरांसारखे फिरत नाहीत, आणि पाण्यात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध मिसळल्यावर त्यांचे वागणे सुधारते. माशाला आतून काय वाटते याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

उपयोगाबद्दल वाद नको. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या तीव्र अपस्मारात जे जनुक बिघडते, त्याच्याच समकक्ष जनुकात दोष असलेल्या पिल्लांवर औषधे तपासताना क्लेमिझोल हे जुने अ‍ॅलर्जीविरोधी औषध झटके थांबवते असे २०१३ मध्ये दिसले, आणि पुढे त्याच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. छळाचा प्रश्न गंभीर आहे, पण तो आपण एका ओळीत फेकला आहे आणि अशा ओळीला येथे उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

कॉर्टेक्सऐवजी एक खरा आक्षेप आपल्याला घेता आला असता. सस्तन प्राण्यांच्या मध्यमेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशींचे जे प्रसिद्ध समूह असतात, ते झेब्राफिशच्या मध्यमेंदूत नाहीत. त्यांच्यासारखे वाटणारे काम अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्याच पेशींकडे आहे, आणि म्हणून माणसातील त्या मध्यमेंदूच्या पेशी नष्ट होऊन जडणाऱ्या पार्किन्सनविषयी माशावरून काढलेले निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात. या मुद्द्यावर आपण लिहिलेत तर मी सविस्तर आणि आनंदाने उत्तर देईन. फक्त त्या वेळी कप्पाळ मध्ये आणू नये, एवढी विनंती.