देवळालीच्या नावाने फिरणाऱ्या वॉकीटॉकीच्या मेसेजबद्दल

नाशिकच्या ग्रुपवर फिरतंय की दोन हजाराच्या बाओफेंग कंपनीच्या वॉकीटॉकीवर देवळाली कॅम्पमधलं आर्मीचं बोलणं ऐकू येतं. नाही हो, असं होत नाही, कृपया पुढे पाठवू नका. तो साधा ॲनालॉग सेट, 136 मेगाहर्ट्झच्या खाली बोलतच नाही, आणि लष्करी हँडसेटचं बोलणं सहसा एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, होऊन जातं, वर फ्रिक्वेन्सी सारखी उड्या मारते, अमेरिकन लष्कराची सिंकगार्स ही रेडिओ सिस्टीमच बघा ना, 30 ते 88 मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला 111 वेळा बदलते, मग तुम्ही पकडणार काय? नुसती खरखर. आणि मला खरी काळजी पोरांची वाटते, मेसेज वाचून ती असा सेट घेतील आणि अडकतील, कारण आपल्याकडे लायसन्सशिवाय 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे मंजूर वॉकीटॉकी चालतात, बाओफेंगला हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स लागतं.