'प्रतिकारशक्ती वाढवा, गोळ्या बंद करा': ल्युपसविषयीच्या एका संदेशाला परिचारिकेचे उत्तर

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर ल्युपसविषयीचा एक लांबलचक संदेश गेले काही महिने फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या रुग्णांनी पाठवला आणि त्यांतल्या एकीने तो वाचून आपल्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: ल्युपस हा प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होतो, म्हणून गुळवेलीचा काढा घ्यावा, रोज सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, मलेरियाची गोळी डोळे घालवते आणि स्टिरॉइड हाडे पोखरते, म्हणून दोन्ही एकदम सोडावीत, रुग्णाची भांडी-कपडे वेगळे ठेवावेत, असा आजार असलेल्या मुलीला मूल होऊ देऊ नये, आणि बरे वाटत असताना वजन, रक्तदाब, लघवी तपासायला पुन्हा पुन्हा बोलावणे हा निव्वळ पैसे काढण्याचा प्रकार आहे. औषध कोणते व किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु रुग्णाकडे नीट पाहणे, त्याला विचारणे आणि मोजमाप ठेवणे हे आम्हा परिचारिकांचे काम आहे, आणि हा संदेश नेमका त्याच कामावर घाव घालतो, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा प्रतिकारशक्तीचा. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिची दिशा चुकलेली असते. जंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यातून सांधे, त्वचा, मूत्रपिंड, हृदय व फुप्फुसांची आवरणे, रक्तपेशी यांपैकी कशालाही इजा होऊ शकते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी कुंपण आणखी बळकट करा, हा सल्ला देण्यात काय अर्थ आहे? लोकांचा गोंधळ का होतो, हेही मला कळते. ल्युपसच्या रुग्णाला जंतुसंसर्ग खरोखरच लवकर होतो, काही अंशी आजारामुळे आणि काही अंशी औषधांमुळे, आणि ते पाहून घरच्यांना वाटते की हिची ताकदच कमी आहे. गुळवेलीबद्दल बोलायचे, तर 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती, हेही नमूद करणे योग्य ठरेल. मात्र ज्या आजारात प्रतिकारयंत्रणा आधीच भडकलेली आहे, तिथे तिला उत्तेजन देण्याच्या उद्देशाने काहीही घेणे धोक्याचे आहे. आपल्याकडे जनावरांना घालतात तो लसूणघास, म्हणजेच अल्फाल्फा, याची भुकटी आणि गोळ्या आता 'ताकदीसाठी' विकल्या जातात. त्याच्या बियांत व कोंबांत एल-कॅनाव्हनिन नावाचा घटक असतो, त्याने ल्युपस उफाळू शकतो, आणि म्हणून ल्युपसच्या रुग्णांनी तो टाळावा.

इथे एक गोष्ट कामातून शिकलेली सांगते. "दुसरे काही औषध घेता का?" असे विचारले की उत्तर हमखास "नाही" असे येते, कारण काढ्याला कोणी औषध मानत नाही. "सकाळी उठल्यावर पोटात सगळ्यात आधी काय जाते?" असे विचारले की काढा, भुकटी, मेडिकलमधून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी, सगळे बाहेर पडते.

सकाळच्या उन्हाचा सल्ला सोलापूरसारख्या गावात तर फारच अनाठायी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात ऊन टाळावे कसे, हाच खरा प्रश्न असतो. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना इजा होते, त्यातून प्रतिकारयंत्रणेला चिथावणी मिळते आणि केवळ गालावरचा चट्टाच नव्हे, तर ताप, सांधेदुखी, थकवा असा सगळाच आजार उफाळू शकतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते गोळीने भरून काढता येते, त्यासाठी ऊन घेण्याची गरज नाही. आपल्या मुली दुचाकीवर सनकोट आणि स्कार्फ घालतात, ते उत्तमच आहे, पण कापड विरळ असेल तर किरणे आत येतात. विणकरांच्या या गावात घट्ट विणीचे कापड कसे ओळखावे, हे मी सांगायला नको: कापड उजेडासमोर धरावे, आरपार दिसले तर ते उपयोगाचे नाही. उघड्या राहणाऱ्या त्वचेवर किमान 30, शक्यतो 50 एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, आणि खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरणे आत येतात, हे बसमध्ये खिडकीची जागा पकडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता गोळ्यांचा मुद्दा. संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मूळचे मलेरियाचे औषध आहे, हे खरे. दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत घेतल्यास त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, हेही खरे. पण मात्रा रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवली, तर पहिल्या 5 वर्षांत हा धोका 1 टक्क्याहून कमी आणि 10 वर्षांपर्यंत 2 टक्क्यांहून कमी असतो. तो पुढे वाढत जातो, म्हणून औषध सुरू करताना एकदा आणि 5 वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायची असते, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्याहून आधीपासून. म्हणूनच आम्ही प्रत्येक भेटीत वजन करतो. 45 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सरासरी 225 मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध जाऊ नये. तिला कोणी रोज 200 च्या दोन गोळ्या लिहून दिल्या असतील, तर डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे हे परिचारिकेचे कर्तव्यच आहे, आणि मी ते अनेकदा केले आहे. मात्रा तपासून घ्या, असे संदेशात लिहिले असते तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

गोळी सोडल्यावर काय होते, याचे उत्तर 1991 मध्येच मिळाले आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात आजार आटोक्यात असलेल्या 47 रुग्णांपैकी 25 जणांची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवली आणि 22 जणांना त्यांच्या नकळत, पण अभ्यासाला त्यांची संमती घेऊन, तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. सहा महिन्यांत औषध चालू असलेल्यांपैकी 9 जणांचा आजार उफाळला आणि औषध थांबलेल्यांपैकी 16 जणांचा. डोळ्यांच्या भीतीने गोळी सोडणाऱ्याने हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

स्टिरॉइडची गोष्ट आणखी गंभीर आहे. स्टिरॉइडने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, हे आम्ही रुग्णाला स्वतःहून सांगतो, आणि डॉक्टरही मात्रा शक्य तितकी खाली, प्रेडनिसोलोनच्या बाबतीत रोज 5 मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही खाली आणण्याचा प्रयत्न करतात. पण बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी आपले काम थांबवतात. गोळी एकदम बंद केली की शरीराकडे ना बाहेरचे स्टिरॉइड राहते ना स्वतःचे. उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणे, आणि वेळेत उपचार न झाल्यास मृत्यू, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ज्या रुग्णाने गोळ्या बंद केल्याचे वर लिहिले, तिला तिसऱ्या दिवशी तिच्या भावाने रिक्षातून उचलून आणले होते. तिचा रक्तदाब 80 वर होता. सुदैवाने ती वाचली, पण तिला पाहिल्यापासून 'एकदम सोडा' हे दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

भांडी वेगळी ठेवण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ल्युपस संसर्गाने पसरत नाही, स्पर्शाने नाही, उष्ट्याने नाही, कपड्यांनी नाही. चेहऱ्यावरचा चट्टा पाहून कोणी कुष्ठरोगाची शंका घेतली तर तपासून घ्यावे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो आणि त्यावर मोफत, खात्रीचा उपचार आहे. वेगळे ताट त्याही आजारात लागत नाही.

मूल होऊ देऊ नये, हे विधान एका काळी डॉक्टरही करत असत, त्यामुळे ते जुन्या लोकांच्या मनात पक्के बसले आहे. आज ते चुकीचे आहे. आजार किमान सहा महिने शांत असावा, मूत्रपिंडे ठीक असावीत आणि गर्भधारणा ठरवून व्हावी, एवढी काळजी घेतली तर बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे नीट पार पडतात. मायकोफेनोलेटसारखी औषधे गर्भाला घातक असतात, ती किमान सहा आठवडे आधी बदलावी लागतात. उलट हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायची असते. म्हणून वॉर्डात लग्न झालेल्या प्रत्येक रुग्णाला पाळी कधी आली, मूल हवे आहे का, आधी गर्भपात झाले आहेत का, हे मी सासू बाजूला नसताना विचारते. वारंवार गर्भपात झाले असतील तर रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची तपासणी व्हायला हवी. 'हिला मूल राहत नाही' म्हणून ज्यांना घरात बोलणी खावी लागली, त्यांतल्या काहींच्या बाबतीत कारण या एका तपासणीत सापडते आणि त्यावर उपचारही असतो.

आता तपासणीचा आरोप. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा दुखत नाही. ताप नाही, कळ नाही, लघवीला जळजळ नाही. बाई रोजच्यासारखी स्वयंपाक करते, विड्या वळते आणि आत गाळणी खराब होत जाते. पूर्व भागातल्या एका विडी कामगार मावशींची आठवण इथे येते. "सिस्टर, विड्या वळून वळून बोटं धरली हो," एवढीच त्यांची तक्रार होती. सकाळी उठल्यावर बोटे किती वेळ आखडलेली असतात, असे विचारल्यावर "चहा होऊन भाकऱ्या थापेपर्यंत" असे उत्तर आले, म्हणजे तासाच्या वर. कामाने दुखणारी बोटे सहसा कामानंतर दुखतात, रात्रीच्या विश्रांतीनंतर इतका वेळ आखडून राहत नाहीत. त्यासाठी त्या दोन वर्षे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होत्या आणि त्या गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकत होत्या. पैंजण सैल करायला सांगितले तर खाली घोट्याभोवती खोल वळ उमटलेला होता. नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, आणि खळगा तसाच राहिला. लघवीची पट्टी बुडवली, मिनिटभर थांबलो, पिवळा चौकोन हिरवा झाला, म्हणजे लघवीतून प्रथिने जात होती. रक्तदाब 160 वर 100. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. पुढे चोवीस तासांतली प्रथिने, बायोप्सी, उपचार हे सगळे झाले आणि त्यांची मूत्रपिंडे आज काम करत आहेत.

संदेशाला जो पैसे काढण्याचा प्रकार वाटतो, तो हा आहे: वजनकाटा, रक्तदाबाचा पट्टा, एक कागदी पट्टी आणि अंगठा. दर भेटीत मी तोंडात व्रण आहेत का, केस विंचरताना मूठभर गळतात का, थंड पाण्यात हात घातल्यावर बोटे पांढरी-निळी पडतात का, दीर्घ श्वास घेताना छातीत टोचते का, हे विचारते, आणि "लघवीला फेस येऊन बराच वेळ टिकतो का?" हे कधीच विसरत नाही. गरजेप्रमाणे हेच प्रश्न तेलुगूत आणि कन्नडमध्ये विचारायलाही मी शिकले आहे, कारण अक्कलकोटच्या पलीकडून आलेल्या आजींना मराठीत विचारून काही उपयोग होत नाही. एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धच्या त्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी, एकदा पॉझिटिव्ह आली की ती बहुधा तशीच राहते, आणि निरोगी माणसांतही ती कधी कधी सौम्य पॉझिटिव्ह येते. त्यामुळे 'रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत' थांबण्याला अर्थ नाही, आणि आजाराची चाल पाहायला लघवी, रक्तदाब, रक्तपेशी आणि आजार उफाळला की बहुधा कमी होणारी सी3-सी4 ही रक्तातली प्रथिने यांचीच मदत होते.

हा संदेश वाचून ज्यांनी गोळ्या सोडल्या असतील, त्यांनी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. स्टिरॉइड सोडले असेल आणि उलट्या, चक्कर किंवा अशक्तपणा वाटत असेल, तर आजच, रात्र असली तरी, जवळच्या रुग्णालयात जावे आणि "मी स्टिरॉइड घेत होते, इतक्या दिवसांपूर्वी बंद केले" हे वाक्य दारातच सांगावे. ताप 100.4 अंशांच्या वर गेला तर तो ल्युपसचाच असेल असे समजून घरी थांबू नये, कारण तो जंतुसंसर्गाचाही असू शकतो आणि स्टिरॉइडमुळे त्याची लक्षणे झाकली जातात. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुनी फाइल आणि घरात असेल तर त्या काढ्याची बाटलीही पिशवीत घालून न्यावी.