वॉचमनला पोलीस कोणी केलं?

बडोद्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर नुसती जुंपलीय. एका घरातून पैसे गेले म्हणून गेटवरच्या गार्डने भांडी घासणाऱ्या ताईंना केबिनमध्ये बसवून ठेवलं, पिशवी पालथी केली, डबासुद्धा उघडून बघितला. काही सापडलं नाही. आता निम्मे म्हणतात त्याने ड्युटी केली आणि निम्मे म्हणतात काढून टाका त्याला, मला दोन्ही पटत नाही, इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून ते मेसेज वाचताना खरंच संताप येतो.

गार्डला पोलिसाचे अधिकार नाहीतच हो. सिक्युरिटी एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, त्यात लायसन्स, ट्रेनिंग, फोटोचं ओळखपत्र सगळं लिहिलंय, पण अटक करायचा किंवा झडती घ्यायचा वेगळा अधिकार कुठेही दिलेला नाही. त्याला तेवढंच करता येतं जेवढं तुम्हाआम्हाला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर धरायचं आणि उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. नुसत्या संशयावरून कोणाला कोंडून ठेवलं तर तोच गुन्हा होतो, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

आणि ती कोणाला होणार? सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, 'बसवून ठेव तिला', आणि पोराने ऐकलं. दाहोदकडचा पोरगा, बारा तास उभा, नाही म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं ट्रेनिंग सांगितलंय, त्यातलं त्याला किती मिळालं हे कमिटीने कधी विचारलं का?

इथे २००१ च्या कायद्यामुळे एजन्सीच्या गार्डला लायसन्सचा बिल्ला दिसेल असा लावावा लागतो आणि तो नंबर खरा की खोटा हे कोणीही ऑनलाइन बघू शकतं. दुकानात पिशवी बघायची असेल तर तो विचारतो, आपण नाही म्हणू शकतो. इथेही सगळं छान आहे असं अजिबात नाही, दुकानाने स्वतः नोकरीवर ठेवलेल्या गार्डला बहुतेक वेळा हे लायसन्स लागतच नाही, आणि चोर माल उचलून चालते होतात, गार्ड बघत राहतो म्हणून दुकानदार वैतागलेत. तरी मला ते चालेल, पण माझ्या आईच्या वयाच्या बाईचा डबा चारचौघांत उघडलेला नाही चालणार.

चोरीची तक्रार पोलिसात द्यायला कोणी अडवलं होतं? पोलीस ठाणं रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. ज्यांनी फोन केला त्यांनी आधी ताईंच्या घरी जाऊन माफी मागावी, आणि गार्डने काय करायचं नि काय नाही हे गुजराती-हिंदीत लिहून केबिनमध्ये लावावं, खाली कमिटीच्या सह्यांसकट, म्हणजे उद्या कोणी असला हुकूम सोडला तर त्या पोराला कागदाकडे बोट दाखवता येईल.